दहा दिवसांत वीस कॅप? तिकीट काढण्याआधी कीड कशामुळे लागली ते शोधा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा आहे: वय ४७. पंचेचाळिशीपर्यंत दातांचं दुखणं म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. गेल्या दोन वर्षांत सहा दाढा किडल्या, त्यातल्या दोन काढाव्या लागल्या. परदेशातल्या एका क्लिनिकनं तुमचा ओपीजी (अख्ख्या जबड्याचा एक्स-रे) पाहून २० कॅप आणि ४ इम्प्लांट (हाडात बसवलेल्या स्क्रूवरचे दात) सुचवले आहेत. दहा दिवसांत सगळं पूर्ण, राहण्याची सोय तेच करणार, खर्च तुमच्या गावातल्या अंदाजाच्या एक तृतीयांश, आणि वर 'आजीवन हमी'. जावं का, असं तुम्ही विचारता. आणि गेलो तर नवे दात पुन्हा किडू नयेत म्हणून कुठली पेस्ट वापरू?

मी २४ वर्षं दात बसवायचंच काम करते: कॅप, ब्रिज, इम्प्लांट, कवळ्या. दुसऱ्या देशातून माझ्याकडे कामासाठी आलेले लोक पाहिले आहेत आणि दुसऱ्या देशात काम करून घेऊन नंतर माझ्या खुर्चीत बसलेलेही. त्यामुळे बाहेर जाऊन उपचार घेण्याबद्दल मला आकस नाही. उत्तम काम करून आलेली माणसं मला माहीत आहेत. तुमच्या बाबतीत मात्र मला खटकलं ते वेगळंच. तुम्ही एक वाक्य कंसात लिहून सोडून दिलंय: 'तोंड सारखं कोरडं पडतं म्हणून खिशात पेपरमिंटच्या गोळ्या ठेवतो.' आणि त्याच्या वरच्या ओळीत आहे की अडीच वर्षांपासून नैराश्यासाठी एक आणि ॲलर्जीसाठी एक अशा दोन गोळ्या रोज चालू आहेत.

माझ्या दृष्टीनं तुमचा खरा प्रश्न तिथे आहे. ४५ वर्षं शाबूत राहिलेलं तोंड दोन वर्षांत सहा दाढा गमावायच्या वाटेवर लागलं, तर मधे काहीतरी बदललं असणार. ते काय ते न शोधता त्याच तोंडात २० कॅप बसवायच्या म्हणजे गळक्या छपराखाली भिंती रंगवण्यासारखं आहे.

पेस्टच्या प्रश्नाचं उत्तरही यातूनच निघतं, म्हणून कीड कशी लागते ते आधी सांगते.

दातांवर जंतूंचा एक चिकट थर असतोच. कितीही घासा, काही तासांत पुन्हा बसतो. साखर मिळाली की हे जंतू आम्ल बनवतात. काही मिनिटांत त्या थरातला पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली उतरतो आणि इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण कवचातलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडू लागतं. मग लाळ आपलं काम करते. ती साखर धुऊन नेते, आम्लाची धार कमी करते आणि गेलेल्या खनिजातलं बरंचसं दाताला परत करते. रॉबर्ट स्टीफन या अमेरिकी संशोधकानं १९४० च्या दशकात हा चढउतार मोजून त्याचा आलेख काढला होता. गोड पाण्यानं चूळ भरली की रेषा झपकन खाली जाते आणि पूर्ववत यायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. आम्ही अजूनही तो आलेख रुग्णांना कागदावर काढून दाखवतो, कारण त्याहून सोपं चित्र कुणाला सुचलेलं नाही.

आता तुमच्या खिशातली गोळी त्या आलेखावर ठेवून पाहा. सकाळी एक गोळी, रेषा खाली. ती वर यायला लागते न लागते तोच दुसरी. दिवसाला आठ-दहा गोळ्या म्हणजे आठ-दहा ग्रॅम साखर असेल-नसेल, जेवणानंतर खाल्लेल्या एका गोडाच्या तुकड्याइतकी. पण दातांच्या हिशेबात साखर किती यापेक्षा किती वेळा आणि किती वेळ हे मोठं. स्वीडनमध्ये लुंडजवळच्या व्हिपेहोल्म इथे १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे तपासलं गेलं. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेनं कीड फारशी वाढली नाही; दोन जेवणांच्या मधे दिलेल्या चिकट टॉफीनं मात्र दातांची दाणादाण उडाली. ज्यांच्यावर तो प्रयोग केला ते संस्थेत ठेवलेले बौद्धिक अपंगत्वाचे रहिवासी होते, त्यांची संमती कुणी घेतली नव्हती. आमच्या शास्त्राला लाज आणणारं प्रकरण आहे ते, पण आज प्रत्येक दंतवैद्य 'मधल्या वेळचं गोड टाळा' म्हणतो त्याचं मूळ तिथे आहे.

दुसरी बाजू लाळेची. निरोगी माणसाला दिवसाला अर्धा ते दीड लीटर लाळ सुटते, झोपेत ती जवळजवळ थांबते. नैराश्याच्या आणि ॲलर्जीच्या अनेक गोळ्या लाळ कमी करतात, आणि दोन एकत्र असल्या की परिणाम आणखी जाणवतो. म्हणजे तुमच्या तोंडात आम्लाचे हल्ले वाढले आणि त्याच वेळी पहारेकरी कमी झाला. सुरुवात कोरडेपणानं झाली, त्यावर उपाय म्हणून गोळी आली, आणि त्या उपायानंच घात केला. ही जोडगोळी मी इतक्यांदा पाहिली आहे की नवीन रुग्ण आला की आता मी दातांच्या आधी औषधांची चिठ्ठी मागते.

आरशासमोर उभे राहून एक गोष्ट बघा. तुमच्या दातांवरची कीड चावण्याच्या पृष्ठभागावरच्या खाचांत आहे, की हिरडीला लागून, दाताच्या मुळाशी? आणि खालच्या जबड्यातले पुढचे चार दात कसे आहेत? त्या दातांच्या मागेच लाळग्रंथींची तोंडं उघडतात, त्यामुळे ते सहसा सगळ्यात शेवटी किडतात. तेच हिरडीपाशी तपकिरी, मऊ दिसत असतील तर लाळ आटली आहे हे मी एक्स-रे न बघता सांगेन. हिरडी थोडी खाली सरकली असेल तर मूळ उघडं पडतं, आणि मुळाला इनॅमलचं कवच नसतं. ते पीएच ६.२ च्या आसपासच विरघळायला लागतं. म्हणजे इनॅमलला जो हल्ला कळतही नाही, त्यात मूळ झिजतं.

दवाखान्यात लाळ मोजणंही सोपं आहे. काही न चघळता, शांत बसून पाच मिनिटं कपात लाळ जमवायची. अर्धा मिलीलीटरसुद्धा जमली नाही, तर लाळ खरोखर कमी आहे. ही तपासणी कुठल्याही दंतवैद्याला करता येते, पण सहसा कुणी करत नाही. गोळ्यांबाबत ज्यांनी त्या दिल्या त्या डॉक्टरांशी बोला. कधी औषध बदलता येतं, कधी मात्रा किंवा वेळ. एक विनंती: दातांसाठी म्हणून नैराश्याची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. दात दुरुस्त करता येतात. आणि गोळी बदलण्यासारखी नसेल, तर तिच्यासकट दात कसे वाचवायचे तेही पुढे सांगते.

कॅपला कीड लागत नाही, हे तुम्हाला त्या क्लिनिकनं सांगितलं असेल आणि ते खरंच आहे. झिर्कोनिया, म्हणजे कॅपचं ते पांढरं सिरॅमिक, किडत नाही. पण कॅप दाताच्या एका कडेला संपते, आणि तिथून पुढे तुमचाच दात असतो. बहुतेक वेळा हिरडीजवळ, म्हणजे नेमका जिथे तो सगळ्यात दुबळा आहे. २० कॅप म्हणजे अशा २० गोल कडा. कोरड्या तोंडात कीड त्या कडेवरून आत शिरते, आणि वर कॅप असल्यानं बाहेरून काही दिसत नाही. पन्नाशीच्या एक बाई दुसऱ्या देशातून १६ कॅप करून आल्या होत्या. काम सुबक होतं. मी केलं असतं तर मला अभिमान वाटला असता. तिसऱ्या वर्षी वरचा सुळा हलतो म्हणून आल्या. मी हात लावला आणि कॅप माझ्या बोटांत आली, आत काळा, भिजल्या लाकडासारखा मऊ खुंट. पुढच्या दीड वर्षात त्यांचे आणखी सात दात असेच गेले. कॅप करणाऱ्याचा दोष मी शोधला नाही, कारण तो तिथे नव्हताच. त्यांनाही कोरड्या तोंडाचा त्रास होता, आणि कॅप करण्याआधी किंवा केल्यावर त्याबद्दल कुणीही एक शब्द विचारला नव्हता.

इम्प्लांटचंही तसंच. त्याला कीड लागत नाही, पण त्याच्याभोवतीच्या हिरडीला सूज येऊन हाड झिजू शकतं. जुना हिरडीचा आजार, धूम्रपान किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह असेल तर जास्तच. ऑस्टिओपोरोसिससाठी हाडं मजबूत करायची गोळी किंवा इंजेक्शन घेत असाल तर दात काढण्याआधी किंवा इम्प्लांटआधी ते सांगितलंच पाहिजे, कारण जबड्याच्या हाडाची जखम न भरण्याचा धोका असतो. तुम्ही यातलं काही लिहिलेलं नाही, म्हणून नसावं असं धरते.

आता तुमच्या आराखड्याकडे वळू.

२० हा आकडा मला कुठून आला ते कळलं नाही. तुमच्या सहा दाढा किडल्या, दोन गेल्या. मग उरलेले सोळा दात कॅपच्या यादीत कसे आले? ओपीजी हा एका नजरेत अख्खा जबडा दाखवणारा एक्स-रे आहे, मला तो आवडतो, पण दोन दातांच्या मधली लहान कीड त्यात नीट दिसत नाही, कारण दातांच्या सावल्या एकमेकांवर पडतात. त्यासाठी बाइटविंग नावाचे लहान एक्स-रे लागतात, हिरडीची खोली दाताभोवती सहा ठिकाणी मोजावी लागते, थंड लावून दाताची नस जिवंत आहे का ते पाहावं लागतं. यातलं काहीच मेलवर पाठवलेल्या चित्रातून होत नाही. दुरून दिलेला आकडा फार तर अंदाज असतो, आणि अंदाज म्हणून दिला तर त्यात वावगं काही नाही. त्याच्याबरोबर तारखा आणि आगाऊ रक्कम आली की मात्र मी सावध होते.

यात भीती अशी की कॅपसाठी कोरलेला दात परत येत नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत पुढच्या दातांना पूर्ण कॅप बसवण्यासाठी हिरडीच्या वरच्या दाताचा ६३ ते ७२ टक्के भाग काढावा लागतो असं दिसलं; व्हिनिअरसाठी, म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवायच्या पातळ चकतीसाठी, प्रकारानुसार ३ ते ३० टक्के. ब्रिटनमध्ये 'टर्की टीथ' असा शब्दच रूढ झाला आहे. तिथले बरेच तरुण तुर्कस्तानात व्हिनिअर करायला म्हणून जातात आणि निरोगी दात खुंटासारखे कोरून, त्यावर कॅप घालून परत येतात. काहींना दोन्हीतला फरक आल्यावर कळतो. इतकं कोरल्यावर काही दातांची नस पुढे मरते आणि कॅपला भोक पाडून रूट कॅनल करावं लागतं. ज्या दाताचं मुळातच अर्धं मोडलंय, त्याला कॅप हा न्याय आहे. धडधाकट दाताला ती शिक्षा आहे.

म्हणून क्लिनिकला लिहा: प्रत्येक दातासमोर एक ओळ द्या, या दाताला कॅपच का, फिलिंग किंवा अर्धी कॅप का चालणार नाही. चांगला दंतवैद्य हे उत्तर न कुरकुरता देतो, कारण त्यानं तो विचार आधीच केलेला असतो. 'एकसारखं हसू दिसावं म्हणून' असं उत्तर आलं तर तो तुमचा निर्णय आहे, उपचाराची गरज नाही. हे दोन्ही वेगळे ठेवा.

मग दहा दिवस. दहा दिवसांत बरंच काही नीट होतं: फिलिंग, रूट कॅनल, एकेकट्या कॅप, दात काढणं, इम्प्लांटचा स्क्रू हाडात बसवणं. पण हाडाला घाई समजत नाही. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये स्वीडनमध्ये पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. त्यानंतर ठरलेल्या पद्धतीत खालच्या जबड्यात साधारण ३ आणि वरच्या जबड्यात ६ महिने थांबून मगच त्यावर दात चढवायचे. आता पृष्ठभाग सुधारले, हा काळ कमी झाला, आणि निवडक रुग्णांत त्याच दिवशी दात देताही येतात. पण तो दात बहुतेक तात्पुरता असतो आणि पक्का दात काही महिन्यांनी येतो. तुमच्या चार इम्प्लांटवर दहाव्या दिवशी जे बसवणार आहेत ते तात्पुरतं की कायमचं, हे लेखी विचारा. 'कायमचं' असं उत्तर आलं, तर हाड धरलंय हे ते कसं तपासणार, तेही विचारा.

चाव्याचं आणखी वेगळं. एकाच वेळी २० दातांची उंची बदलली की जबड्याचे सांधे आणि स्नायू नव्या जागेला सरावायला वेळ घेतात. मी असं मोठं काम करते तेव्हा आधी प्लास्टिकच्या तात्पुरत्या कॅप देते आणि माणसाला चार-सहा आठवडे जगू देते: जेवू दे, बोलू दे, भांडू दे. कुठे टोचतं, कुठला शब्द अडतो, झोपेत दात खातो का, सगळं कळतं. त्यातल्या खुणा बघून मग पक्क्या कॅप. दहा दिवसांत ही पायरी गाळलीच जाते. कुणी गाळून सहीसलामत सुटतं, कुणी दोन वर्षं डोकं धरून फिरतं, आणि आधी सांगता येत नाही कोण कुठल्या रांगेतलं.

दातांच्या पर्यटनाचा नकाशा बघितलात तर एक गंमत दिसेल. त्याची काही जुनी नावाजलेली ठिकाणं अगदी सीमेला चिकटून आहेत. हंगेरीतलं मोशोनमॅजॅरोव्हार हे छोटं शहर ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ, शोप्रॉनही तसंच. मेक्सिकोतलं लॉस अल्गोदोनेस तर अमेरिकेच्या ॲरिझोनातल्या यूमा शहराजवळ, सीमेच्या पलीकडे चालत जाण्याइतकं; तिथे दंतवैद्यांची इतकी दाटी आहे की लोक त्याला 'मोलर सिटी' म्हणतात. अशी ठिकाणं का चालली? स्वस्ताई तर आहेच, कारण तिथले पगार, भाडं, लॅबचा खर्च कमी. स्वस्त म्हणजे निकृष्ट असं समजायचं कारण नाही. पण त्याहून मोठं कारण मला असं वाटतं की रुग्णाला परत जाता येतं. व्हिएन्नाचा माणूस सकाळी निघून कॅप घासून घेऊन संध्याकाळी घरी येतो. काम टिकण्यामागे हे अर्धं कारण असतं. कुठलंही काम पहिल्या फटक्यात शंभर टक्के बसत नाही, माझंही नाही.

तुम्हाला लांबचं विमान पकडावं लागणार असेल तर ही सोय तुमच्याकडे नाही. 'आजीवन हमी' वाचताना हेच डोक्यात ठेवा. अशी हमी बहुधा कॅपची असते. विमानाचं तिकीट, राहणं, बुडालेली रजा तिच्यात येत नाही, आणि दरवर्षी त्यांच्याकडेच तपासणीला आलात तरच ती चालू राहील अशी अट बऱ्याचदा बारीक अक्षरांत असते.

मग काहीच करू नये? नाही. तुमच्या जागी मी असते तर काम दोन फेऱ्यांत वाटलं असतं आणि पहिल्या फेरीच्या आधी तीन-चार महिने घरीच घालवले असते. त्या महिन्यांत चालू कीड साफ करून साधी फिलिंग, दातांवरचं कीटण काढणं, हिरड्या बऱ्या करणं, औषधांबद्दल बोलणं आणि खाली लिहिलेली रोजची शिस्त. हे सगळं जवळच्या, वेळेला सापडणाऱ्या दंतवैद्याकडे होतं आणि ते महागही नसतं. त्यानंतर पुन्हा एक्स-रे काढा. नवी कीड थांबली असेल तर मोठं काम कुठेही करा. बऱ्याच लोकांच्या बाबतीत या टप्प्यावर कॅपची यादी आपोआप आखडते. तुमची २० वरून सहा-सातवर आली तर मला नवल वाटणार नाही, पण तोंड न बघता त्यावर मी पैज लावणार नाही. पहिल्या फेरीत इम्प्लांट आणि लागतील त्या तात्पुरत्या कॅप, दुसऱ्या फेरीत काही महिन्यांनी पक्कं काम. दोन तिकिटांचा खर्च धरूनही तुमचा हिशेब फायद्याचा राहत असेल तर जा. राहत नसेल, तर तो मुळात तितका फायद्याचा नव्हता.

परतीच्या विमानाबद्दलही थोडं. दात काढल्यावर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कधीकधी खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून जाते आणि जीवघेणा ठणका लागतो, विशेषतः सिगारेट ओढणाऱ्यांत. त्या दिवसांत डॉक्टरच्या जवळ असावं. वरच्या जबड्यात सायनसच्या तळाशी हाड भरलं असेल तर किमान दोन आठवडे उडू नका. दाब बदलला की टाक्यांवर ताण येतो.

आणि काम झालं की कागद घेतल्याशिवाय निघू नका. हा मुद्दा मी पोटतिडकीनं सांगते, कारण त्यापायी रुग्णाइतकंच मलाही भोगावं लागतं. एकदा एका गृहस्थांच्या इम्प्लांटवरचा दात सैल झाला होता. आतला छोटा स्क्रू घट्ट करायचा, दहा मिनिटांचं काम. पण कुठल्या कंपनीचा इम्प्लांट ते त्यांना माहीत नव्हतं, क्लिनिक फोन उचलेना, आणि माझ्याकडच्या एकाही चावीचं टोक त्यात बसेना. बऱ्याच कंपन्यांची चावी वेगळी असते. पाच आठवडे एक्स-रे पाठवून, ओळखीच्यांना विचारून शेवटी जुळलं. म्हणून इम्प्लांटच्या वेष्टनावर जे चिकटपत्र असतं, कंपनी, मापं आणि लॉट नंबर लिहिलेलं, ते मागून घ्या. एक ते लोक फाईलला लावतात, दुसरं तुमच्यासाठी असतं. सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय) स्कॅन काढला असेल तर त्याची मूळ डायकॉम फाईल, म्हणजे कुठल्याही दंतवैद्याला संगणकावर उघडता येईल अशी, घ्या, मोबाईलवर काढलेला फोटो नको. आधीचे आणि नंतरचे एक्स-रे, कॅप कशाची आणि कुठल्या सिमेंटनं चिकटवली, कुठल्या दाताचं रूट कॅनल झालं, तेही लिहून घ्या. जाण्याआधीच घराजवळच्या दंतवैद्याला विचारून ठेवा की परत आल्यावर तुम्ही माझं बघाल का. काहीजण नाही म्हणतील. दुसऱ्यानं केलेल्या कामात हात घातला की ते काम आपल्या नावावर चढतं, ही त्यांची भीती अगदीच खोटी नाही. हो म्हणणारा सापडला की मगच तिकीट काढा.

आता पेस्ट. कंपनीचं नाव मी सांगणार नाही, कारण त्यानं फरक पडत नाही. फरक पडतो तो फ्लोराइडनं. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहरानं जगात पहिल्यांदा पिण्याच्या पाण्यात मोजून फ्लोराइड घातलं, तेव्हापासून त्याच्याइतका तपासलेला उपाय आमच्याकडे दुसरा नाही. नळीच्या मागे पीपीएम (दहा लाख भागांत फ्लोराइडचे किती भाग) लिहिलेलं असतं. मोठ्या माणसाला साधारण १४५० हवं. तुमच्यासारख्या, भराभर किडणाऱ्या तोंडाला दंतवैद्य ५००० पीपीएमची पेस्ट चिठ्ठीवर देऊ शकतो, मागा. ती लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. रात्री झोपताना घासणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण रात्रभर लाळ नसते आणि दातावर राहिलेलं फ्लोराइड हाच पहारा. घासल्यावर फेस थुंका, पण पाण्यानं खळखळून चूळ भरू नका. ही सवय मोडायला लोकांना पेस्ट बदलण्यापेक्षा जास्त जड जातं; तोंड 'अस्वच्छ' वाटतं म्हणतात. दोन आठवड्यांत सवय होते.

दोन दातांमधली जागा ब्रशला पोचत नाही. तिथे फ्लॉस किंवा, फट असेल तर, बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा बारीकसा ब्रश. कॅप आणि ब्रिजच्या खाली हा ब्रशच कामाचा. दवाखान्यात दर तीन महिन्यांनी फ्लोराइडचा व्हार्निश लावून घ्या. त्यात २२,६०० पीपीएम असतं आणि दोन मिनिटांत लावून होतो. बाइटविंग एक्स-रे पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी. दातावर खडूसारखा पांढरा डाग दिसला तर घाबरू नका आणि कोरूही देऊ नका. ती कीड अजून आत फुटलेली नाही, फ्लोराइडनं ती थांबते.

पेपरमिंट आजच टाका. कोरडं वाटलं की साध्या पाण्याचा घोट, किंवा साखर नसलेलं झायलिटॉलचं च्युइंगम. चघळल्यानं लाळ सुटते आणि झायलिटॉलपासून जंतूंना आम्ल बनवता येत नाही. (घरात कुत्रा असेल तर ते पाकीट उंचावर ठेवा, कुत्र्यांना झायलिटॉल विषारी असतं.) लिंबाच्या आंबट गोळ्यांनी लाळ जास्त सुटते म्हणून कुणी सुचवेल; त्यातलं आम्ल थेट दात झिजवतं, नको. कॉफी हवी असेल तर एका बैठकीत संपवा, दोन तास घोट घोट नको. आंबट काही खाल्लं-प्यायलं तर लगेच घासू नका, मऊ पडलेलं इनॅमल ब्रशनं निघतं. अर्धा-एक तास जाऊ द्या.

क्लिनिकनं तुमच्याकडून १५ तारखेपर्यंत आगाऊ रक्कम मागितली आहे असं तुम्ही शेवटी लिहिलंय. ती भरू नका. त्यांना दातागणिक कारणांची यादी मागा, आणि तोपर्यंत औषधांची चिठ्ठी घेऊन जवळच्या दंतवैद्याकडे पाच मिनिटं कपात लाळ जमवून या. किती जमली आणि कीड नेमकी कुठे आहे, एवढं कळवलंत तर कुठल्या दातांना खरंच कॅप लागेल याबद्दल मला आणखी नेमकं बोलता येईल.